शेवाळीचे पहिले पाऊल
(शाळेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनात दोन प्रश्न आले असतील. पहिला प्रश्न असा की, बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस वनस्पतिशास्त्रावर कशासाठी बोलतो आहे? आणि दुसरा असा की, ओल्या भिंतीवर उगवणाऱ्या शेवाळीत ऐकण्यासारखे काय असणार?

पहिल्याचे उत्तर लगेच देतो. गेल्या वर्षी विज्ञानाच्या बाई रजेवर असताना त्यांचा तास माझ्याकडे आला. नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, झाडाच्या प्रत्येक पेशीत सारखीच जनुके असतात असे आपण वाचले. मग मूळ मूळच का होते आणि पान पानच का होते?" हा प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायात नव्हता. बाई रजेवरून परत आल्यावर मी त्यांना तो सांगितला, त्यांनी मला वाचायला दिले, आणि मी वाचत गेलो. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र व्याख्यान संपेपर्यंत आपणच ठरवावे.

आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात दगड तापून फुटतील की काय असे वाटते. विहिरीचे काठ, मशिदीच्या हौदाकडची भिंत, शाळेच्या मागची विटांची कुंपणभिंत, सारे काही काळे, कोरडे, मेलेले दिसते. मृगाच्या दोन चांगल्या सरी पडल्या की त्याच काळ्या थरावर मखमलीसारखा हिरवा गालिचा पसरतो. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला पावसाळ्यात गेलात, किंवा गाविलगडाच्या नाहीतर आपल्या अकोल्याकडच्या नरनाळ्याच्या तटाजवळ उभे राहिलात, तर हा गालिचा बोटभर जाड दिसेल. आपण सरसकट त्याला 'शेवाळ' म्हणतो. परंतु पाण्यात तरंगणारे शैवाल निराळे, आणि भिंतीवरची ही शेवाळी, म्हणजेच मॉस, निराळी. पाठ्यपुस्तकात तिचा समावेश 'ब्रायोफायटा' या गटात होतो आणि या गटाला वनस्पतिसृष्टीचे उभयचर म्हणतात. या वनस्पतींना खरी मुळे नाहीत, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत, फूल नाही आणि बीही नाही. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते. भारतात या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी घातला.

सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या. त्या पहिल्या पाहुण्यांच्या राहणीशी आज ज्यांची राहणी पुष्कळ मिळतीजुळती आहे, अशा वनस्पतींमध्ये मॉस आणि तिची चपटी बहीण यकृतका यांची गणना होते. म्हणूनच, जमिनीवरचे रोप मुळात घडते कसे, हे शोधणारे शास्त्रज्ञ वडाकडे न जाता या बोटभर उंचीच्या झाडाकडे जातात. भाषा शिकणारे मूल आधी बाराखडीच गिरवते, तसेच हे आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. हे समजण्यासाठी घरातली पाककृतींची वही डोळ्यांपुढे आणा. वहीत रोजच्या वरण-भाकरीपासून ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत सगळे लिहिलेले आहे. परंतु सगळी पाने एकाच वेळी कोणी उघडत नाही. आज कोणते पान उघडायचे, हे घरातली मोठी बाई ठरवते. पेशीमध्ये हे ठरवण्याचे काम काही विशिष्ट प्रथिने करतात. ती जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर जाऊन बसतात. मग ते जनुक वाचले जाते किंवा वाचायचे थांबते. यांना नियंत्रक म्हणावे. यात मौज अशी की, हे नियंत्रक तयार करण्याची कृतीसुद्धा त्याच वहीत लिहिलेली असते. म्हणजे काही जनुके दुसऱ्या जनुकांवर देखरेख करतात. मुळाच्या पेशीत एक पाने उघडी, पानाच्या पेशीत दुसरी. वही मात्र एकच. मुलीच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर हेच.

परंतु थोडक्यात दिलेल्या उत्तराने खऱ्या विद्यार्थ्याचे समाधान होत नाही. पान उघडण्याचा हुकूम केव्हा आणि कशामुळे सुटतो? यासाठी मॉसच्या आयुष्याचे पहिले काही दिवस पाहावे लागतात.

मॉसच्या देठावर एक छोटी डबी येते. ती पिकली की तिच्यातून धुळीसारखे बीजाणू उडतात. ओल्या मातीवर पडलेला बीजाणू रुजतो आणि त्यातून एक हिरवा धागा निघतो. त्याला प्रोटोनेमा म्हणतात. आरंभी या धाग्याच्या पेशी आखूड असतात, त्यांच्या मधल्या भिंती सरळ असतात आणि पोटात हरितलवके ठासून भरलेली असतात. हा कमावता धागा होय. प्रकाशात अन्न तयार करणे हेच त्याचे मुख्य काम. पुढे काही टोके आपला स्वभाव बदलतात. पेशी लांब होतात, मधल्या भिंती तिरक्या होतात, हरितलवके कमी होतात आणि धागा झपाट्याने दूरवर पसरतो. हा फिरता धागा. पहिल्याला क्लोरोनेमा आणि दुसऱ्याला कॉलोनेमा अशी नावे आहेत. फिरत्या धाग्यावर नंतर लहान कळ्या येतात आणि कळीतून पानांचे इवले रोप उभे राहते. त्याच्या बुडाशी मुळांसारखे केस फुटतात. त्यांना मूलाभ म्हणतात.

कमावत्याचा फिरता कोण करतो? या प्रश्नावर महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे, आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेच पाहिजे. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. एम. एम. जोहरी यांनी फ्युनेरिया नावाच्या मॉसचे धागे काचेच्या भांड्यात, पोषक द्रवात वाढवले. हा फ्युनेरिया म्हणजे आपल्या पुस्तकातल्या आकृतीतला तोच मॉस. १९७३ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी देसाई यांनी दाखवून दिले की, ऑक्झिन नावाच्या वनस्पती-संप्रेरकामुळे कमावता धागा फिरता होतो. १९७६ साली जोहरी आणि हांडा यांना असे दिसून आले की, सायक्लिक ए.एम.पी. नावाचा दुसरा पदार्थ नेमके उलटे करतो, म्हणजे धाग्याला कमावत्या अवस्थेकडे ओढतो. एकाच पेशीला दोन बाजूंनी दोन निरोप येतात आणि त्यांच्या प्रमाणावर तिचे भवितव्य ठरते. हे दोन्ही निबंध 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकाच्या परिवारात छापून आले.

निरोप कळला, परंतु तो पेशीत गेल्यावर वहीचे कोणते पान उघडतो, हे त्या काळी पाहता येत नव्हते. त्यासाठी साधने यावी लागली. १९९७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सिद्ध केले की, फिस्कोमिट्रेला या मॉसमध्ये हवे ते एक जनुक नेमके काढून टाकता येते. हा मॉस फ्युनेरियाच्याच कुळातला. शिवाय मॉसच्या हिरव्या रोपात गुणसूत्रांचा एकच संच असतो. आपल्या शरीरात दोन संच असल्याने एक जनुक बिघडले तर पुष्कळदा दुसरे त्याची उणीव झाकते. मॉसमध्ये झाकायला दुसरे नाहीच. जे काढले त्याचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो. २००८ साली या मॉसचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला.

त्याच्या एक वर्ष आधी, २००७ साली, इंग्लंडमध्ये लियाम डोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मॉसमधील दोन नियंत्रक जनुके काढून टाकली. त्यांना आर.एस.एल.-१ आणि आर.एस.एल.-२ अशी नावे आहेत. दोन्ही गेल्यावर फिरता धागा तयारच झाला नाही, आणि मूलाभ मोजके व अगदी खुरटे आले. याच घराण्याची जनुके फुलझाडांत मुळांवरचे सूक्ष्म केस उगवतात. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ज्या फुलझाडात हे जनुक बिघडल्यामुळे मुळावर केस येत नव्हते, त्यात मॉसचे जनुक घातले. केस पुन्हा आले! ज्यांची घराणी चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली, त्यातल्या एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला अजून लागते. कपाशीचे, तुरीचे रोप मातीतून पाणी आणि क्षार ओढते ते या केसांच्या मदतीने, हे येथे बसलेल्या शेतकरी पालकांना सांगण्याची गरज नाही.

आणि २०११ साली साखळीतली निसटलेली कडी सापडली. जँग आणि डोलन यांनी दाखवले की, ऑक्झिन आर.एस.एल.-१ आणि आर.एस.एल.-२ ही जनुके जागी करते, आणि त्यामुळेच कमावता धागा फिरता होतो. मुंबईत १९७३ साली निरोप ओळखला गेला. तो घेणारे पान अडतीस वर्षांनी मिळाले. विज्ञान असेच पुढे जाते. एका पिढीने प्रश्न नीट मांडून ठेवला तर पुढच्या पिढीला उत्तर शोधता येते.

कळ्यांचीही गोष्ट अशीच आहे. सायटोकायनिन हे संप्रेरक मिळाले की धाग्यावर कळ्या येतात, हे जुने ज्ञान. २०१२ साली जपानी संशोधकांनी ए.पी.बी. गटातली चार नियंत्रक जनुके काढून पाहिली. चारही काढल्यावर धागे पसरत राहिले, परंतु पानांचे रोप एकही उभे राहिले नाही.

याहून नवलाची गोष्ट 'लीफी' या नियंत्रकाची आहे. फुलझाडात लीफी हुकूम देते तेव्हा फांदीच्या टोकावर फूल घडू लागते. मॉसला तर फूलच नाही. मग तेथे हे जनुक काय करते? २००५ साली उत्तर मिळाले. मॉसमध्ये नर आणि मादी पेशींचा संयोग होऊन जी फलित पेशी बनते, तिचे पहिले विभाजन होण्यासाठी लीफी लागते. लीफी नसेल तर ती पेशी एकाची दोन होत नाही, तेथेच थांबते. जुन्या हत्यारालाच निसर्गाने पुढे नवे काम दिले. आपला सुतार एकच पटाशी वखरालाही वापरतो आणि चौकटीलाही, त्यातलाच हा प्रकार.

यकृतकेचाही उल्लेख केला पाहिजे. मार्चांशिया ही तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिचा जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १९ हजार जनुके आहेत. तिचे वैशिष्ट्य असे की, मोठ्या झाडांमध्ये एका नियंत्रकाच्या अनेक नकला असतात, तर मार्चांशियात बहुधा एकच. त्यामुळे कोण काय करतो हे उलगडणे सोपे जाते. २०१६ साली असे आढळले की, आर.एस.एल. घराण्यातले जनुक तिच्यातही मूलाभ उगवते, एवढेच नव्हे, तर तिच्या अंगावरच्या वाटीत ज्या पिल्लू-कळ्या येतात त्यांचा आरंभही तेच करून देते.

"हे सगळे ठीक आहे सर, पण याचा उपयोग काय?" हा प्रश्न वऱ्हाडात विचारलाच पाहिजे, आणि त्याला मी टाळणार नाही. आपला प्रदेश कोरडवाहू आहे. मॉस वाळते, कागदासारखे चुरते, आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते. फिस्कोमिट्रेला हे एरवी फार कोरडेपणा सोसत नाही. परंतु आधी अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक दिले तर सोसते. २०१० साली सिद्ध झाले की, यासाठी ए.बी.आय.-३ नावाचा नियंत्रक आवश्यक आहे. हा नियंत्रक फुलझाडांत कोठे काम करतो? बियाण्यात! आपण तुरीचे बी उन्हात खडखडीत वाळवून कोठीत ठेवतो आणि पुढच्या वर्षी ते उगवते, त्यामागे हीच यंत्रणा आहे. मॉसवरून उद्याच दुष्काळाला न भिणारी कपाशी निघेल असे मी म्हणणार नाही. कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. ही वाट लांबची आहे. परंतु वाळूनही जिवंत राहण्याची विद्या समजून घ्यायची असेल तर ती ज्याला येते त्याच्याकडेच शिकायला गेले पाहिजे.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो.

ज्या मुलीने प्रश्न विचारला ती आता दहावीत आहे. तिचे नाव मी घेणार नाही. निकालानंतर जूनमध्ये तिच्या घरी बैठक बसेल. मामू, चाचा, शेजारी, सगळे सल्ला देतील. मी अशा बैठकांना अनेकदा बोलावला गेलो आहे. तेथे हमखास तीन वाक्ये ऐकू येतात. पहिले, "आमच्या खानदानात कोणी एवढे शिकले नाही, रक्तातच नाही." दुसरे, "डॉक्टर होत असेल तर शिकू द्या, नाहीतर सायन्स घेऊन काय करणार?" तिसरे, "मुलीची जात आहे, अकरावीला लांबच्या कॉलेजात कशाला?"

पहिल्याबद्दल. मॉसच्या पेशीवरून माणसाच्या मुलांविषयी सिद्धांत काढणे चुकीचे आहे, आणि तसे मी करणार नाही. परंतु 'रक्तात नाही' असे म्हणणाऱ्याला वाटते की जनुकशास्त्र आपल्या बाजूने आहे. ते तसे नाही. ज्या शास्त्राचे नाव आपण घेतो ते शास्त्र साध्या धाग्याबद्दलही असे सांगते की, नुसत्या जनुकांवरून पुढचे ठरत नाही. कोणता निरोप, किती आणि कोणत्या वेळी आला यावरही ते ठरते. वडील शिकले नाहीत याचे कारण बहुतेक घरांत गरिबी होते, दूरची शाळा होते, लवकर अंगावर पडलेला संसार होते. त्याला रक्त म्हणू नका.

दुसऱ्याबद्दल. जीवशास्त्र म्हणजे फक्त नीट परीक्षा नव्हे. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून हुशार मुले शास्त्रच सोडून देतात, हे मोठे नुकसान आहे. आपल्या अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्याच्या पदवीसाठी एम.एच.टी.-सी.ई.टी. ही परीक्षा असते. अमरावतीत १९८३ साली स्थापन झालेले, आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे, आणि जुनी विदर्भ महाविद्यालयाची परंपरा आहे. पुण्याला २००६ पासून आयसर ही संस्था आहे. तिला स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. या दारांची नावेसुद्धा आपल्या घरांत पोहोचत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि 'सायन्स घेऊन काय करणार' याचे एक उत्तर कुलाब्याच्या त्याच संस्थेत आहे. जेथे मॉसवरचे हे प्रयोग झाले, तो रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून कोणी उभा केला? डॉ. ओबेद सिद्दीकी यांनी. उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात १९३२ साली जन्मलेले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले हे शास्त्रज्ञ डॉक्टर झाले नाहीत, वकीलही झाले नाहीत. फळमाशीला वास आणि चव कशी कळते यावर त्यांनी संशोधन केले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१३ साली बंगळुरूला त्यांचे निधन झाले. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक आहे?

तिसऱ्याबद्दल मी एवढेच म्हणेन की, अंतराची अडचण खरी आहे आणि ती सोडवता येते. मुली मिळून जाऊ शकतात, बसचा पास निघतो, नातेवाईकांचे घर असते, वसतिगृह असते. यासाठी शाळेची मदत हवी असेल तर आमच्याकडे या. परंतु फिरता धागा व्हायची वेळ एकदा येते आणि जाते, असे आपल्या घरातल्या मुलीच्या बाबतीत घडू देऊ नका. चाळिसाव्या वर्षी शिक्षण घेणाऱ्या भगिनीही मी पाहिल्या आहेत, त्यांना माझा सलाम; पण सोळाव्या वर्षी जे सहज होते त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले, हे त्यांनाच विचारा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम. या पावसाळ्यात भिंतीवरचे मॉस हलक्या हाताने, थोड्या मातीसह काढा. एक तुकडा बशीत ओला ठेवून वर काचेचा ग्लास पालथा घाला. दुसरा तुकडा सावलीत पूर्ण वाळू द्या. आठ दिवसांनी वाळलेल्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि घड्याळ लावून पाने किती मिनिटांत उलगडतात ते वहीत लिहा. ओल्या तुकड्याच्या कडेची माती भिंगाखाली पाहा. हिरवे धागे दिसले तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मधल्या भिंती सरळ आहेत की तिरक्या, ते शोधा. आकृती काढा, तारीख घाला. दिसले नाही तर 'दिसले नाही' असेच लिहा. तीही नोंदच आहे. याला पैसा लागत नाही. चांगल्या नोंदवह्या विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत मांडून ठेवणार आहेत.

पालकहो, घरी मूल भिंतीजवळ बसून शेवाळी खरवडताना दिसले तर त्याला रागावू नका. काय दिसले, एवढे विचारा.